निरुत्तरपुरीतली तिसरी हाक

एका राज्यात दरबारचा राघू गप्प बसला, आणि तिथून सारे बिघडत गेले.

त्या राज्याची रीत अशी, की विद्या पुरी झाली म्हणजे राजकुळातल्या लेकरांनी एकट्याने परमुलखाची सफर करावी. मुलूख ज्याचा त्याने निवडावा. भर दरबारात त्याचे नाव घ्यावे, सिंहासनामागच्या राघूने ते नाव उच्चारावे, की निवड पक्की. राघूने आजवर एकही नाव गाळले नव्हते.

राजकन्या हेमकलेची पाळी आली. हेमकला शिकलेली खरी. व्याकरण तोंडपाठ, नकाशे तोंडपाठ. पण दाराची कडी वाजली तरी दचकायची. चुलतभाऊ जयकेतू खांबाआडून "भो!" करायचा, ती हातातले टाकून उडायची, आणि दासी तोंडाला पदर लावून हसायच्या.

प्रधानाने तिच्यापुढे नकाशे मांडले. ज्वालाद्वीप, जिथे डोंगर आग ओकतो. हिमकूट, जिथे बर्फ चालून येते. आणि निरुत्तरपुरी.

"ज्वालाद्वीप घ्या, ताईसाहेब," जयकेतू हळूच म्हणाला. "डोंगर गरजला की दचकून थेट इथपर्यंत उडाल. परतीला होडी नको."

हेमकलेचे कान तापले. तिने निरुत्तरपुरीचा नकाशा जवळ ओढला. कडेला बारीक अक्षरांत लिहिले होते: येथे कोणी कोणास हाक मारीत नाही. हाक नाही म्हणजे भो नाही. आरडाओरडा नाही. किती छान, शांत गाव, असे तिला वाटले.

"मी निरुत्तरपुरी निवडते," ती म्हणाली.

दरबाराने श्वास रोखला. त्या पुरीला गेलेला प्रत्येक प्रवासी मुका होऊन परतला होता. हे सगळ्यांना ठाऊक होते, एका हेमकलेलाच नव्हते. भीतीच्या गोष्टी निघाल्या की ती कानांत बोटे घालून उठून जात असे.

महाराज उठून उभे राहिले. "पोरी, विचार केलास?"

"केला, आबासाहेब."

"धन्य!" कोणीतरी ओरडले. नगारे झडले. जयकेतूने खाली मान घालून मुजरा केला. फक्त राघू बोलला नाही. त्याने हेमकलेकडे पाहिले आणि दरबाराकडे पाठ केली.

"म्हातारा झालाय," प्रधान हसून म्हणाला, आणि नकाशावर मोहोर उठवली.

रात्र पडण्याआधी आत्याबाईंनी सगळे सांगितले. पण तोवर वेशीवर गुढ्या उभ्या राहिल्या होत्या, भाट तिच्या धैर्याचे कवन रचत होता. 'मी शांत गाव म्हणून निवडले' हे तोंडून निघेना. राणीसाहेबांनी दशम्या बांधून दिल्या, डोळे पुसले. त्या कौतुकाने हेमकला अंगावर दुसऱ्याचे दागिने घातल्यासारखी आक्रसली.

होडीने सात खाड्या ओलांडल्या आणि तिला निरुत्तरपुरीच्या वेशीत उतरवले. वेस मागून आपोआप मिटली. वेशीच्या कमानीवर एक साळुंकी बसली होती.

"कोण तू?" साळुंकीने विचारले.

"परदेशची राजकन्या."

"मग नियम ऐक. इथे कालकंठ नावाचा मांत्रिक राहतो. त्याच्या तळघरात रांजण आहेत, आणि रांजणांत माणसांचे आवाज. पूर्वी तो आप्ताच्या आवाजात हाक मारी. जो ओ देई, त्याचा आवाज रांजणात जाई. म्हणून लोकांनी ओ देणेच सोडले. आता मांत्रिकाला कष्ट नाहीत. ज्याच्या तीन हाकांना ओ मिळत नाही, त्याचाही आवाज रांजणात जातो."

"मी हाक मारलीच नाही तर?"

"वेस उघडणार नाही. परक्याला हाक मारावीच लागते. सूर्य मावळेपर्यंत मुदत. पण तुझ्या एका हाकेला जरी कोणी ओ दिली, तरी रांजण फुटतील."

"आजवर दिली कोणी?"

साळुंकीने पंख साफ केले. "छे."

हेमकला गावात शिरली. माणसे होती, बाजार होता. लोक एकमेकांच्या अगदी जवळ जाऊन, बाहीला धरून, हळू बोलत. भाजीवाली गिऱ्हाइकाला खुणेने बोलावी. गाय सुटली तर मालक तिच्यामागे मुकाट धावे.

चावडीच्या पायऱ्यांवर उभी राहून तिने पहिली हाक मारली. ती तिने होडीत पाठ केली होती. "निरुत्तरपुरीच्या प्रजाजनहो! मी राजाची कन्या हेमकला आपणांस आवाहन करते!"

धडाधड खिडक्या मिटल्या. एक म्हातारा जवळ येऊन कुजबुजला, "हे कुणाला म्हणायचं होतं, बाई?" आणि निघून गेला.

हेमकला विहिरीपाशी आली. तिथे एक बाई पोहरा ओढत होती. शेजारी तिची तरणी लेक घागर धरून उभी होती. लेक काही बोलत नव्हती. बाई घरात गेल्यावर साळुंकी विहिरीच्या काठावर उतरली.

"ही सगुणा. मन मऊ आहे. तिची धाकटी बहीण वेणू पुरापलीकडे गेली, ती परत आलीच नाही. वेणू तिला 'सगुणाक्का' म्हणे, शेवटचा आकार लांबवून."

हेमकलेने मान हलवली. तिला युक्ती सुचली होती, आणि युक्ती सुचली की भीती जरा कमी होते. ती सगुणाच्या दाराशी गेली, आवाज बारीक केला, लाडिक केला.

"सगुणाक्काऽऽ!"

आत भांडे पडले. पावले दारापर्यंत धावत आली आणि थांबली. दारापलीकडून हुंदका ऐकू आला. मग सगुणा हळू, फाटक्या आवाजात बोलली.

"वेणूच्या आवाजात आधीही हाक आली होती. शेजारणीने मला धरून ठेवलं, म्हणून वाचले. पुढे माझी पोर रानातून भिजून आली, दाराशी उभी राहून आई, आई करत होती. आवाज तिचाच होता. मला कळत होतं. तरी मी ओ दिली नाही. तिसऱ्या हाकेनंतर दार उघडलं, तेव्हा ती मुकी झाली होती." दाराची कडी आतून लागली. "तू मांत्रिक असशील तर जा. माणूस असशील तर... तर लाज वाटू दे जरा."

लाज वाटली. हेमकलेला अशी लाज कधी वाटली नव्हती. भित्री म्हणून हसे होई, ती लाज वेगळी. ती चेहऱ्यावर येई आणि उतरे. ही पोटात जाऊन बसली. मांत्रिक जे करीत होता तेच तिने केले होते, आणि तेही गोड गळ्याने.

ती विहिरीपाशी परतली. ऊन कलले. सगुणाची मुकी लेक पायरीवर बसून तिच्याकडे टक लावून पाहत होती. हेमकलेला तिच्या डोळ्यांत पाहवेना.

तेवढ्यात कालकंठ आला. धूर नाही, ज्वाला नाही. खांद्यावर रांजण घेतलेला, पिकल्या भुवयांचा एक नीटनेटका गृहस्थ. त्याने रांजण विहिरीजवळच्या पाराच्या दगडावर ठेवला, कपाळ पुसले.

"एक हाक उरली, राजकन्ये."

"माहीत आहे."

"कुणाला मारणार?"

"कुणालाच नाही. या लोकांना पुन्हा फसवणार नाही. माझा आवाज घे."

"तसे चालत नाही. हाक मारल्यावाचून आवाज सुटून येत नाही. सावकाश मार. चांगले शब्द निवड. शिकलेली दिसतेस."

तिने शब्द निवडायला घेतले. क्षमा मागणारे एक वाक्य मनात जुळवले, कर्ता, कर्म, क्रियापद सगळे जागच्या जागी. तिने तोंड उघडले. आणि कालकंठाच्या हातून रांजणाचे पितळी झाकण निसटले, दगडावर आपटले, खणखणत गडगडत पार तिच्या पायाशी आले.

"आई गंऽऽ!"

हेमकला किंचाळली आणि मटकन खाली बसली.

वाक्य राहिले बाजूला. परमुलखात, मांत्रिकासमोर, शेवटची हाक, आणि तिने काय केले? झाकणाला भ्याली. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकले. जिभेच्या टोकाला आताच गार लागत होते.

कालकंठ मनापासून हसला. "ही हाक? असो. हाक ती हाक." त्याने रांजण तिच्याकडे कलता केला.

गावात पान हलले नाही. मग कुठेतरी एक कडी वाजली.

दारात सगुणा उभी होती. हात पिठाने भरलेले, चेहरा पांढराफटक. मांत्रिकाने आजवर नावे घेतली होती, लाडाने बोलावले होते, आर्जवे केली होती. तो कधी दचकला मात्र नव्हता. सगुणाने त्याच्याकडे पाहिले नाही. तिने आपल्या लेकीकडे पाहिले, मग त्या परक्या मुलीकडे, आणि उंबरा ओलांडला.

"ओ!" ती म्हणाली. "ओ गं बाळ! आले, आले मी!"

रांजण उभा चिरला. तळघरातले रांजण तडातड फुटू लागले, कालकंठाच्या भुवया राखेसारख्या झडल्या, वेस आपली आपण उघडली. पायरीवरची मुकी लेक खोकली. आणि गल्लीगल्लीतून, दारे उघडून, गच्चीवर चढून, माणसे वर्षानुवर्षांच्या राहून गेलेल्या हाकांना ओ देऊ लागली.