पाणवठ्यावरची नोकरकपात

सागाचं एक जंगल होतं. तिथला राजा वाघ मोठा न्यायप्रिय होता. तसं त्याने स्वतःच जाहीर केलं होतं. मी त्याच्या आस्थापना विभागातली घोरपड. एकदा खुर्चीला चिकटले की सुटत नाही, एवढीच माझी पात्रता.

पाणवठ्यावर चार राखणदार होते. धोका दिसला की ओरडायचं, हे त्यांचं काम. एके दिवशी महाराजांनी फर्मान काढलं, की यातल्या तीन जागा अतिरिक्त आहेत.

"पण अन्याय नको," ते मला म्हणाले. "निकष लावा. निकालावर कुणाला बोट ठेवता येता कामा नये."

मी आठवडाभर खपून गुणपत्रिका तयार केली. हजेरीचे गुण, शिस्तीचे गुण आणि दर तक्रारीमागे दहा गुण वजा. नावं झाकून गुण दिले. इतकं निःपक्षपाती काम आजवर कुणी केलं नसेल असं वाटून मी स्वतःलाच शाबासकी दिली.

सगळ्यांत कमी गुण कोंडाबाई टिटवीला पडले. अकरा वर्षांत तिची हाक एकदाही खोटी ठरली नव्हती, पण प्रत्येक हाकेमागे एक तक्रार होती. वानर आणि मोर तिच्या जरासे वर. पहिलं आलं कासव. ते कामावर येऊन कवचात झोपायचं, त्यामुळे त्याच्याबद्दल तक्रारच नव्हती.

नियमाप्रमाणे मी कोंडाबाईला बाजू मांडायला बोलावलं. तिने एकच विचारलं.

"बाईसाहेब, तक्रारी कुणाच्या आहेत?"

मला ठाऊक होतं. तिची हाक आली की हरणं पळायची आणि महाराज उपाशी राहायचे.

"नाव सांगणं म्हणजे तक्रारदारावर अन्याय होईल," मी म्हणाले.

ती कागदावर पायाचा ठसा उमटवून निघून गेली. अपिलाची सोय होती, पण अपील ऐकणार महाराजच. तिने ते केलं नाही.

पुढच्याच आठवड्यात एक हरिणी कचेरीत आली. तिचं पाडस पाण्यावरून उचललं गेलं होतं आणि कुणी ओरडलंच नव्हतं. मला तिच्या नजरेला नजर देता येईना, म्हणून मी तिच्यापुढे तक्रारीचा अर्ज सरकवला. तिने तो भरला. कासवाचे दहा गुण कमी झाले आणि तेही गेलं.

वर्षाचा अहवाल मीच लिहिला. यंदा पाणवठ्यावर धोक्याची एकही नोंद नाही. महाराजांनी तो भरसभेत वाचून दाखवला आणि विरोधकांना शांतपणे म्हणाले, "धोका आहे म्हणता, तर आकडा दाखवा."

आकडा कुणाकडेच नव्हता. टाळ्या मीच सुरू केल्या.