पिंपरखड्याचा ओटा

पिंपरखड्याच्या मैदानात मधोमध जो मातीचा उंचवटा दिसतो, त्याला आम्ही ओटा म्हणतो. बेसबॉलमध्ये चेंडू फेकणारा गडी, म्हणजे पिचर, त्यावर उभा राहतो. असा उंचवटा या खेळाच्या सगळ्याच मैदानांवर असतो. पण आमचा वीतभर जास्त उंच आहे, आणि त्याची डागडुजी मैदानाचे नोकर करत नाहीत. दसऱ्याच्या आधीच्या रविवारी संघाचे चाहते घरून टोपलीत माती आणतात आणि हातांनी त्यावर पसरतात. त्या वेळी कोणी बोलत नाही. बाहेरगावचे पाहुणे हे पाहून भारावून जातात. संघावर एवढी श्रद्धा कुठे पाहिली नाही, असे म्हणतात. मी चाळीस वर्षे या मैदानाचे दार उघडतो आहे, म्हणून कारण मलाच विचारतात.

असे सांगतात की हा खेळ इथे मिशन शाळेतल्या एका अमेरिकन पाद्र्याने आणला. शाळेतली मुले लाकडी दांडक्याने चेंडू टोलवून मैदानाला पळत फेऱ्या घालताना सूतगिरणीच्या मालकांनी पाहिली आणि त्यांना ते फार आवडले. त्यांनी पगारी संघ उभा केला. खेळाडूंची नावे गिरणीच्या हजेरीपटावर, पण काम एकच, खेळायचे. मग आजूबाजूच्या तीन गिरणीगावांनीही संघ काढले आणि दरवर्षी ढालीसाठी सामने होऊ लागले. पाळी सुटली की माणसे घरी न जाता मैदानावर यायची. त्या काळी मैदान सपाट होते. पाद्र्याने उंचवटा करवला नव्हता. पिचर चुन्याच्या रेघेवरून फेकायचा.

त्या संघाचा पिचर शांतवन पगारे. मिशनच्या चाळीत राहणारा, उंच, अबोल माणूस. त्याने फेकलेला चेंडू दिसायचा नाही, नुसता ऐकू यायचा, असे म्हातारे सांगत. त्याच्या हातावर पिंपरखड्याने पाच वर्षे लागोपाठ ढाल आणली. लोक त्याला खांद्यावर घेऊन वेशीपासून बाजारपेठेपर्यंत मिरवत. हलगीच्या ठेक्यावर त्याच्या नावाचा गजर चाले. मात्र मिरवणूक मिशनच्या चाळीपाशी आली की लोक त्याला खाली उतरवत आणि परत फिरत. त्याच्या घरचे पाणी त्यांच्यापैकी कोणी कधी प्यायले नाही. शांतवनलाही त्यात काही वावगे वाटत नसे म्हणे. वाटत असले तरी तो बोलला नाही.

सहाव्या वर्षी त्याचा खांदा धरला. बायको सुवार्ताबाई रोज एरंडाची पाने गरम करून बांधायची. अंतिम सामना बारवगावशी होता, आणि आठवडाभर आधी त्याला उजव्या हाताने पाण्याचा तांब्यासुद्धा उचलता येईना. त्याने कप्तान विनायकरावांकडे जाऊन सांगितले की या खेपेला दुसरा कोणी उभा करा. ही गोष्ट संध्याकाळपर्यंत गावभर झाली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून लोक चाळीच्या फाटकाशी जमले. शिवीगाळ नाही, दमदाटी नाही. नुसती हलगी आणि त्याचे नाव. दुपारपर्यंत ते थांबले नाही. सुवार्ताबाई दोनदा बाहेर आली आणि हात जोडून म्हणाली की तो खोटे बोलत नाही, खरेच हात उचलत नाही. लोकांनी ते मायेने ऐकून घेतले आणि गजर आणखी वाढवला.

शेवटी विनायकराव आत गेले. "नुसता उभा राहा," ते म्हणाले. "तुला बघूनच बारवगाववाले गार पडतील."

"राहतो उभा," शांतवन म्हणाला. "पण हा हात आता माझा नाही, एवढं बाहेरच्या लोकांना सांगा."

विनायकरावांनी बाहेर येऊन एवढेच सांगितले की तो खेळतोय.

बेसबॉलच्या सामन्यात नऊ डाव असतात. आठ डाव शांतवनने कसे टाकले ते कोणालाच कळले नाही. प्रत्येक डावानंतर तो कोपऱ्यात जाऊन भिंतीला खांदा टेकायचा. नवव्या डावात बारवगाव शेवटची फलंदाजी करायला आले तेव्हा पिंपरखडा एका धावेने पुढे होता. बारवगावचा एक गडी पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या पहिल्या टप्प्यावर पोहोचला. त्याच्या मागून आलेल्याला शांतवनने जो चेंडू टाकला तो हातातून सुटला की गळून पडला, हे सांगणारे दोन्ही बाजूंनी बोलतात. तो लहान पोराने फेकल्यासारखा, अलगद गेला. फलंदाजाने तो नदीपार टोलवला. दोन धावा झाल्या आणि ढाल गेली.

मग कोणीतरी म्हणाले, "हा विकला गेला." कोण म्हणाले ते आजवर कोणी सांगितलेले नाही. पण दिवेलागणीपर्यंत ते सगळ्या गावाचे मत झाले होते. पाच वर्षांत ज्यांनी त्याच्या चाळीचे नाव काढले नव्हते त्यांना आता ती नेमकी आठवली. त्या वस्तीकडून दुसरे काय होणार, असेही लोक बोलले. आणि आठवड्यापूर्वी फाटकाशी गजर करणारी तीच माणसे नदीतले गोटे घेऊन चाळीवर गेली.

कौले फुटू लागली तेव्हा सुवार्ताबाई मुलीला घेऊन खाटेखाली शिरली. शांतवन दार उघडून उंबऱ्यात उभा राहिला. त्याला काही सांगायचे होते म्हणे. एक गोटा सरळ त्याच्या तोंडावर आला. समोरून येणारे कोणालाही दिसते, आणि माणूस आपसूक हात आडवा धरतो. त्याचा उजवा हात उठला नाही. डाव्या हाताने त्याने दाराची चौकट धरली होती. गोटा कानशिलावर बसला.

तिसऱ्या दिवशी मिशनच्या दवाखान्यात त्याने प्राण सोडला. डॉक्टरीणबाईंनी खांदा तपासून सांगितले की या हाताने कोणी आठ डाव टाकले यावर माझा विश्वास बसत नाही. तेव्हा गावाचा विश्वास बसला.

शांतवनला माती देऊन झाल्यावर सुवार्ताबाईने घरातले, अंगणातले, कौलांवरचे सगळे गोटे घमेल्यात भरले आणि डोक्यावरून मैदानावर आणले. चुन्याच्या रेघेवर तिने ते ओतले. काही म्हणतात सात फेऱ्या झाल्या, काही अकरा म्हणतात. पेठेतून जाताना दुकानांतली माणसे उठून उभी राहिली, पण घमेल्याला हात लावायला कोणी पुढे झाले नाही. शेवटची फेरी झाल्यावर तिने पदराने तोंड पुसले. मैदानाच्या कडेला विनायकराव आणि दहावीस लोक उभे होते.

"हे तुमचं सामान," ती म्हणाली. "आमच्या घरात ठेवायला जागा नाही."

त्याच आठवड्यात ती मुलीला घेऊन मनमाडकडे गेली.

ढीग तसाच राहिला. गोटा उचलायचा म्हणजे तो आपला होता असे कबूल करण्यासारखे होते, म्हणून कोणी उचलेना. पुढच्या हंगामात नवा पिचर त्या दगडांवर उभा राहीना. तेव्हा एका रविवारी लोक एकेक करून टोपलीभर माती घेऊन आले आणि त्यांनी ढीग झाकला. ठरवून कोणी आले नव्हते, असे सांगतात. पावसाळ्यात माती वाहून गेली आणि गोटे पुन्हा वर आले. पुन्हा माती टाकली. कितीही चोपून बसवा, दसऱ्याच्या सुमाराला चारदोन गोटे डोके काढतातच. रोलर आणला तरी फरक पडला नाही.

पुढे गिरणी बंद पडली, संघ एका मोठ्या कंपनीने घेतला, दिवे लागले, खुर्च्या आल्या. कंपनीने ठरवले की ओट्याला शांतवन पगाऱ्यांचे नाव द्यायचे. पाटी तयार झाली. मुलीचा पत्ता शोधून तिला बोलावले. एस्तेरबाई तोवर शाळेतून निवृत्त झाल्या होत्या. त्या आल्या, ओट्याभोवती एक फेरी मारली आणि मला विचारले की खाली अजून तेच आहेत का. मी हो म्हणालो. मग त्या कंपनीच्या साहेबांना म्हणाल्या, "माझ्या बापाचं नाव या दगडांना देऊ नका." चहा न घेता त्या परत गेल्या. पाटी माझ्या खोलीत आहे.

माझे वडील दर वर्षी माती न्यायचे. मरेपर्यंत त्यांनी एक रविवार चुकवला नाही. मी त्याला भक्ती समजत होतो. ते गेल्यावर आईने सांगितले की त्या दिवशी तेही चाळीवर गेले होते. त्यांचा गोटा कुठे लागला, हे तिने विचारले नव्हते.

आजही दसऱ्याच्या आधीच्या रविवारी लोक येतात, माती पसरतात आणि घटकाभर मान खाली घालून उभे राहतात. मग फाटकाजवळच्या नळावर रांग लागते. सगळे हात स्वच्छ धुतात, सामना पाहायला आपापल्या खुर्चीवर जाऊन बसतात, आणि हलगी सुरू होते.