हौसाबाईंची तारीख

“पण चूक नेमकी कुठं आहे, तेवढं तरी सांगा ना, चाचा?” सारंगने तिसऱ्यांदा विचारलं.

दस्तगीरचाचांनी फोन हातभर लांब धरला. जवळ आणला. पुन्हा लांब धरला.

“चूक दिसत नाही,” ते म्हणाले. “काहीच दिसत नाही.”

सारंग हसला. चाचांच्या थट्टेची त्याला सवय होती.

चाचा म्हणजे मिरजेतले जुने पेंटर. एसटी स्टँडवरचे कितीतरी बोर्ड त्यांच्या हातचे. सारंग कॉलेजात असताना दोन वर्षं त्यांच्याकडे अक्षर शिकला, मग पुण्याला जाऊन वेबसाइट करू लागला आणि नाव काढलं त्यानं. आता चाचांच्या दुकानासमोरच्याच डोळ्यांच्या धर्मादाय दवाखान्याची साइट त्याच्याकडे आली होती. साइट सुरू झाली होती. सोमवारपासून नंबराच्या चिठ्ठ्या देणारी दवाखान्याची खिडकी बंद होणार आणि ऑपरेशनची तारीख फक्त साइटवरच मिळणार, असं ठरलं होतं. साइटच्या रूपाला पुण्यात बक्षीसही लागलं होतं. आता गुरूंनी पाठीवर एक थाप मारावी, एवढ्यासाठी स्वारी मिरजेला आली होती.

थाप काही मिळेना.

दुकानाच्या पायरीवर हौसाबाई एसटीची वाट बघत बसल्या होत्या. गोधड्या शिवून पोट भरणाऱ्या. एका डोळ्याचं ऑपरेशन गेल्या वर्षी झालं होतं. दुसऱ्यातला मोतीबिंदू पिकत आला होता आणि महिन्याच्या आत काढा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण खिडकीवर रोज चाळीसच चिठ्ठ्या. पहिल्या गाडीनं येऊनही बाईंचा नंबर सलग दोनदा हुकला होता.

“हौसाबाई, तारीख पाहिजे ना? ह्या पोराच्या फोनवर मिळते म्हणे,” चाचा म्हणाले.

“मिळंल तर बरंच हाय की. चौथी झालीया माझी. वाचाय येतं.”

सारंग पुढं सरसावला, तसा चाचांनी पाण्याचा तांब्या त्याच्यासमोर धरला.

“तोंडात पाणी घे. बाईंचं होईपर्यंत गिळायचं नाही, थुंकायचं नाही.”

“हे काय आता?”

“आमच्या उस्तादांनी मला पहिल्या बोर्डासमोर असंच उभं केलं होतं. बोर्ड वाचणाऱ्याला समजावायला पेंटर तिथं नसतो. घे.”

सारंगने घोट घेतला आणि बाईंच्या मागं उभा राहिला.

पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं. नजरेला शांत वाटावीत म्हणून त्यानं मुद्दाम निवडली होती. हौसाबाईंनी फोन उन्हात नेला, पदरानं पुसला, नाकाशी आणला. एका बोटानं नाव लिहिलं. गाव लिहायला घेतलं आणि पान पुन्हा पहिल्यावर आलं. पान भरायला दिलेली वेळ संपली होती.

“माजंच चुकलं,” त्या म्हणाल्या.

सारंगचे गाल फुगलेले. त्यानं जोरात मान हलवली, पण बाईंची त्याच्याकडे पाठ होती.

दुसऱ्या वेळी त्या झटपट पुढं गेल्या. नाव, गाव, फोन. मग एक चौकोन आला. त्यात वेडीवाकडी, आडव्या रेघांनी खोडलेली अक्षरं. दलालांनी यंत्र लावून तारखा लाटू नयेत म्हणून सारंगने ती घातली होती. खाली एक वाक्य होतं.

हौसाबाईंनी ते मोठ्यानं वाचलं, एकेक शब्द जोडत. “तुम्ही... यंत्र नसून... माणूस आहात... याची खात्री करून द्या.”

त्या थांबल्या.

“चाचा, मी माणूस हाय का, असं इचारतंय ह्ये.”

“मग सांगा त्याला,” चाचा म्हणाले.

“सांगते की. पर ती अक्षरं दिसंनात. दिसली असती तर हितं कशाला आले असते मी?”

पान पुन्हा पहिल्यावर आलं.

तिसऱ्यांदा त्या त्याच चौकोनापाशी अडल्या. अंगठा काचेवर नुसता फिरत राहिला. सारंगला ते बघवेना. त्यानं पाणी गिळून टाकलं.

“द्या इकडं, आजी! मीच भरून देतो. दोन मिनिटांचं काम आहे.”

हौसाबाईंनी फोन छातीशी धरला.

“नगं.”

“अहो, तारीख जाईल तुमची!”

“सगळं दुसऱ्यानंच करून द्यायचं, तर डोळा तरी कशाला उघडून घिऊ?”

एसटीचा हॉर्न वाजला. बाईंनी फोन त्याच्या हातात दिला आणि पिशवी उचलली.

“शुक्रवारी येते परत. माझा फोन घिऊन. तवर नीट कर.”

गाडी गेली. सारंगला भयंकर लाज वाटली. बक्षिसाच्या दिवशी घातलेला हार आठवला आणि आणखीच लाज वाटली. चाचा काही बोलतील म्हणून तो थांबला, पण ते गुपचूप एका दुकानाच्या पाटीवर पट्टी धरून रेघ मारत बसले होते.

त्यानं दवाखान्याच्या विश्वस्तांना फोन लावला. सोमवारी खिडकी बंद करू नका, असं सांगितलं. विश्वस्त चिडले. पत्रकं छापून झाली आहेत, सोमवारच्या समारंभाला पाहुणे ठरलेत, तुमचं नाव खराब होईल.

“होऊ दे,” सारंग म्हणाला. “पण खिडकी उघडी ठेवा.”

बुधवारी सकाळी सातला तो रांगेच्या शेपटाशी उभा राहिला. ज्यांचा नंबर हुकला, त्यांना एकेक करून चाचांच्या पायरीवर बसवलं, फोन हातात दिला आणि स्वतः तोंडात पाणी घेऊन मागं उभा राहिला. येणारेजाणारे हसत. हसले तरी तो हटला नाही.

एका निवृत्त हवालदारांनी ‘आवेदन सादर करा’ या बटणावर बोट ठेवून विचारलं, हे काय आमच्यासाठी आहे, की कलेक्टरसाठी? एका आजोबांचा हात थरथरत होता, दर वेळी शेजारचंच बटण दाबलं जायचं. एका बाईंना दिसतच नव्हतं. त्यांचा फोन मजकूर वाचून दाखवायचा, पण सारंगच्या पानावर आला की मुका व्हायचा. सारंग गाल फुगवून उभा राही, कागदावर लिही, आणि दुपारपासून अंधार पडेपर्यंत चाचांच्या दुकानात बसून बदल करी.

राखाडी गेलं, काळं आलं. वेळेची मर्यादा काढून टाकली. बटणं मोठी झाली, त्यांना आतून नावं मिळाली, म्हणजे फोनला ती वाचता येऊ लागली. ‘आवेदन’ जाऊन ‘तारीख मागा’ आलं. वाकड्या अक्षरांच्या जागी फोनची घंटी आली. घंटी वाजते, आवाज येतो, तारीख हवी असेल तर एक दाबा. बक्षीस मिळालेलं रूप जवळजवळ सगळंच गेलं. गुरुवारी संध्याकाळी ते त्याच्या लक्षात आलं, पण त्यानं हात आवरला नाही.

शुक्रवारी हौसाबाई आल्या. पुतण्यानं वापरून टाकलेला फोन, काचेला तडा गेलेला.

त्या पायरीवर बसल्या. सारंगने घोट घेतला.

नाव. गाव. एका बोटानं, सावकाश. मधेच फोन मांडीवर ठेवून त्यांनी पदर नीट केला. पान जागचं हललं नाही. मग ‘तारीख मागा’वर बोट टेकलं. घंटी वाजली. बाईंनी फोन कानाला लावला, ऐकलं, एक दाबलं, पुन्हा ऐकलं.

“गुरवार,” त्या म्हणाल्या. “सकाळी आठ.”

त्यांच्या तोंडभर हसू आलं. मग त्यांनी फोन पिशवीत टाकला, चाचांना हात जोडले आणि वाकून चपला शोधल्या. रस्त्यापलीकडे गाडी लागली होती. झपझप चालत त्या गाडीत चढल्यासुद्धा.

सारंग पाणी गिळून पायरीवर आला. गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत खिडक्यांकडे बघत राहिला.

“चाचा,” तो म्हणाला, “नीट केलंस, एवढंही त्या म्हणाल्या नाहीत. माझ्याकडे वळून पाहिलंसुद्धा नाही हो!”

चाचा रॉकेलमध्ये ब्रश धूत होते.

“गाडी सापडल्यावर बोर्डाकडं कोण वळून बघतं, बाबा?”