दिवस मावळायच्या आत

"मग ती विचारत का नाही, सर?"

निहार डॉक्टरांनी असं विचारलं, तेव्हा थोरले डॉक्टर चहा बशीत ओतत होते. त्यांनी बशी तोंडाशी नेली, फुंकर घातली. 

लग्नाआधी काही वर्षं मी सांगलीच्या त्या दवाखान्यात पेशंटांना वेळा द्यायचं काम करत होते. वेडेवाकडे दात तारा लावून सरळ करायचा दवाखाना. लवंगेच्या तेलाचा वास, कपाटात ओळीनं मांडलेले लोकांच्या दातांचे पांढरे साचे, आणि खालच्या मजल्यावरून येणारा उपाध्येकाकूंच्या फोडणीचा वास. चातुर्मासात ती फोडणी ऊन असतानाच पडायची. उपाध्ये जैन. दिवस मावळला की त्यांच्याकडे पाण्याचा थेंबही कुणी घेत नसे. दर गुरुवारी ते थोरल्या डॉक्टरांना जेवायला बोलवत, आणि डॉक्टर भर उन्हात, भूक नसताना, निमूट जेवून येत.

आता सासरी हळदीचा डबा कुठला हे विचारायचा संकोच वाटून मी एकेक झाकण उघडून बघते, तेव्हा हटकून ती दुपार आठवते.

बोलणं चाललं होतं पद्मजा चौगुलेबद्दल. समडोळीहून कॉलेजला यायची. हसताना ओढणी तोंडावर घ्यायची. तारांना अडकवायला तिला बारीक रबरं दिली होती. जेवताना काढायची, एरवी दिवसरात्र तोंडातच ठेवायची, असं बजावून. आषाढापर्यंत दात शहाण्यासारखे सरकले. मग थांबले. मग मागे फिरले.

निहार डॉक्टर नुकतेच सुवर्णपदक घेऊन आलेले. त्यांचं निदान पक्कं होतं. मुलगी रबर लावत नाही, आणि लावते म्हणून सांगते. आज तारा काढून टाकायच्या, वडिलांना कळवायचं, विषय संपला.

"शंका असती तर विचारली असती की," ते म्हणाले. "मी प्रत्येकाला विचारतो. माझ्या पेशंटना शंकाच नसतात."

हे खरं होतं. त्यांच्या खोलीतून माणसं मुकाट बाहेर यायची. आणि मग माझ्या टेबलाशी थबकून विचारायची, भाकरी चालते का, उसाचं काय, दुखतंय ते दुखायलाच हवं का.

थोरल्या डॉक्टरांनी बशी खाली ठेवली.

"निहार, जरा खुर्चीत आडवा हो."

निहार डॉक्टर हसत आडवे झाले. थोरल्यांनी त्यांच्या तोंडात ओठ आणि गाल ताणून धरायचं प्लास्टिक बसवलं. वरचा दिवा लावला. तो नेमका डोळ्यांवर आणला. त्यांच्यावर वाकले.

"काही शंका?"

"आँ..."

"नाही ना? छान."

आणि ते उरलेला चहा प्यायला निघून गेले.

चहा सावकाश संपला. मग त्यांनी येऊन प्लास्टिक काढलं. निहार डॉक्टरांचे कान लाल झाले होते, पण माणूस मनानं चांगला. गाल चोळत म्हणाले, "कळलं, सर."

"काय कळलं?"

"आधी तोंड मोकळं करायचं, मग विचारायचं."

थोरले डॉक्टर "हं" म्हणाले. त्यांचं हं म्हणजे हो नव्हे, एवढं मला एव्हाना कळत होतं.

चारच्या सुमाराला पद्मजा आली. निहार डॉक्टरांनी सगळं नीट केलं. तोंड मोकळं केलं, दिवा विझवला, खुर्ची सरळ केली. मग तिच्यासमोर उभं राहून विचारलं, काही विचारायचं आहे का.

"नाही, सर."

रबर लावतेस का, तर रोज लावते. रात्री?

ओढणी वर गेली...

निहार डॉक्टरांनी थोरल्यांकडे पाहिलं, म्हणजे बघा. आणि पक्कड उचलली. इलाज थांबवावा लागेल, ते तिला म्हणाले, आज तारा काढूया. पद्मजाचे डोळे भरले. तिनं मान हलवली. ती तारा काढून घेणार होती, तसेच दात घेऊन घरी जाणार होती, पण बोलणार नव्हती.

थोरल्या डॉक्टरांनी स्टूल ओढलं आणि तिच्यापुढं बसले.

"चातुर्मास पाळतेस?"

तिनं मान हलवली.

"मग मला एक सांग. खुळ्यासारखं विचारतोय, हसू नकोस. दिवस मावळल्यावर पाणीसुद्धा नाही म्हणतात. रात्री तहान लागली तर तुम्ही करता काय?"

मी मान वर केली. उपाध्यांच्या पाटावर इतके चातुर्मास जेवलेला माणूस...

पद्मजा हसली. ओढणी घ्यायची विसरली.

"तहान लागायच्या आत झोपायचं की."

"आणि झोपच नाही लागली तर?"

"आजी म्हणते, णमोकार म्हण. लागते झोप."

त्यांनी गंभीरपणे मान डोलावली, कुणी औषध सांगावं तशी. आणि गप्प बसले. पंखा कुरकुरत राहिला. निहार डॉक्टर काही बोलणार, तेवढ्यात थोरल्यांचा हात पाठीमागं गेला आणि बोटं हलली. थांब.

"सर..."

"हं."

"मी पण एक खुळ्यासारखं विचारू?"

"माझ्यापेक्षा खुळं असेल तर विचार."

ती खाली बघत बोलली. "रबर तोंडात घातलं तर... खाल्ल्यासारखं होतं का? बस गावात पोचेस्तोवर दिवस मावळतीला आलेला असतो. जेवायला रबर काढते. जेवून उठते तर अंधार. मग तोंडात काही घालायचं कसं? म्हणून ते सकाळीच लावते."

निहार डॉक्टरांच्या हातातली पक्कड तशीच राहिली.

"ते मला नाही ठरवता येणार," थोरले डॉक्टर म्हणाले. "ते तुझी आजी ठरवेल. पण पाण्याचा शेवटचा घोट घेतलास की लगेच लावलंस तर? उजेड आहे तोवर."

पद्मजानं विचार केला. "चार घास आधी उठावं लागेल."

"जमेल?"

"जमतंय की."

मग तिचं तोंड थांबेना. तार गालाला टोचते ती कापायची का, एक दात हलल्यासारखा वाटतो तो पडणार तर नाही ना, उसाचं कांडं दाढेनं सोललं तर चालेल का. तिच्या मागचा पेशंट जांभया देत बसला होता. निहार डॉक्टरांनी आवाज न करता पक्कड ट्रेमध्ये ठेवून दिली.

ती गेल्यावर निहार डॉक्टर थोरल्यांकडे वळले.

"सर, तुम्ही दर गुरुवारी उपाध्यांकडे जेवता. तुम्हाला चातुर्मास ठाऊक नव्हता?"

थोरल्या डॉक्टरांनी किटलीतला गार झालेला चहा बशीत ओतला. गारच होता, तरी फुंकर घातली...

"तिला विचारेपर्यंत नव्हता."