करपलेले धोंडस

घाटमाथ्यावरच्या एका गावात एकदा एक वृद्ध आचारी राहत असत. नाव नरहरी, पण लहानथोर सगळे त्यांना नरहरकाका म्हणत. गावच्या देवस्थानात त्यांनी चाळीस वर्षे नैवेद्याचा स्वयंपाक केला. त्या चाळीस वर्षांत त्यांच्या हातून कधी काही करपले नाही, असे गाव अभिमानाने सांगे. वय झाल्यावर त्यांनी काम सोडले आणि जो शिकायला येईल त्याला शिकवू लागले.

एका हिवाळ्यात त्यांच्याकडे वेणू नावाची एक सून शिकायला आली. तांबट आळीत तिचे घर होते. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "काका, मला धोंडस शिकायचंय. असं, की खाणाऱ्याला नको म्हणताच येऊ नये."

ज्यांनी धोंडस खाल्लेले नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. पावसाळ्याच्या शेवटी वेलीवर पिकलेली मोठी काकडी, जिला तवसे म्हणतात, ती आढ्याला टांगून ठेवतात. थंडी पडली की ती किसायची, त्यात भाजलेला तांदळाचा रवा, गूळ आणि नारळ घालायचा, आणि जाड पातेल्यात मंद भाजायचे. खाली निखारे, झाकणावरही निखारे. तासाभराने आतून जे मऊ, खरपूस, वाफाळते गोड बाहेर येते, ते धोंडस. धुक्याच्या संध्याकाळी ते खाल्ले की माणसाला आपण आपल्या घरी आहोत असे वाटते.

"कुणासाठी करायचंय?" काकांनी विचारले.

"मामंजींसाठी." वेणूने मान खाली घातली. "सासूबाई श्रावणात गेल्या. तेव्हापासून मामंजी दोन घास खातात आणि ताट सरकवतात. बोलत नाहीत, रडत नाहीत. वैद्यांनी नाडी पाहिली. म्हणाले, रोग काही नाही. पण हा माणूस असाच राहिला तर ही थंडी त्याला निघायची नाही. सासूबाई हिवाळ्यात नेहमी धोंडस करायच्या. ते तरी खातील, असं वाटतं."

काकांनी तिला शिकवले. वेणूचा हात मुळात चांगला, त्यात मनापासून इच्छा. पहिले धोंडस कच्चे राहिले, दुसरे बसले, तिसऱ्यात गूळ कमी पडला. पाचवे मात्र असे उतरले की काकांनी एक घास घेतला आणि डोळे मिटून घेतले. "पोरी, हे माझ्यापेक्षा चांगलं झालंय," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी वेणू उत्साहाने घरी गेली. दुसऱ्या दिवशी आली ती रडवेल्या चेहऱ्याने.

"खाल्लं नाही का त्यांनी?"

"एक घास खाल्ला. 'छान झालंय हो, सूनबाई' म्हणाले आणि ताटली बाजूला ठेवली." ती चुलीपाशी येऊन बसली. "काका, नको म्हणाले असते तरी चाललं असतं. पण त्यांनी 'छान' म्हटलं ना, ते परक्याच्या घरी जेवायला गेल्यावर म्हणतात तसं होतं. काय चुकतंय माझं? वेलची कमी पडली का?"

काकांनी चुलीतले एक लाकूड मागे ओढले. मग त्यांनी विचारले, "सासूबाई धोंडस करत, तेव्हा मामंजी कुठे असत?"

"परसात, चुलीपाशीच. सासूबाई पीठ कालवायच्या आणि निखाऱ्यांचं सगळं मामंजी बघायचे. जन्मभर तांब्याची भांडी घडवली त्यांनी, विस्तवाशी त्यांची मैत्रीच."

"आणि आता?"

"आता कसं सांगणार त्यांना? वय झालंय, त्यात हे दुःख. धुराचा त्रास नको म्हणून ह्यांनी शहरातून ओव्हन आणलाय. मी तर त्यांना जागचं उठूही देत नाही. पाण्याचा तांब्यासुद्धा हातात नेऊन देते. काकाऽ, सेवेत मी काही कमी केलेलं नाही हो."

"नाही केलंस, मला माहीत आहे." काका उठले. "उद्या संध्याकाळी मी तुझ्याकडे येतो. धोंडस मी करीन. ओव्हन नको, परसातली चूल पेटव. आणि एक वचन दे. मी काहीही केलं तरी तू मध्ये बोलायचं नाही."

वेणूला हायसे वाटले. प्रत्यक्ष नरहरकाका करणार म्हटल्यावर प्रश्नच मिटला, असे तिला वाटले.

दुसऱ्या दिवशी काका आले तेव्हा धुके उतरू लागले होते. वेणूचे सासरे, भिकोबा तांबट, मागल्या ओसरीवर कांबळे पांघरून बसले होते. काकांनी नमस्कार केला, त्यांनीही केला. त्यापुढे भिकोबा काही बोलले नाहीत. काका परसात गेले, तवसे किसले, रवा भाजला, सगळे नेहमीसारखे नेटके केले. पातेले चुलीवर चढवले आणि झाकण ठेवले.

आणि मग त्यांनी चुलीत तीन लाकडे एकदम सारली. जाळ पातेल्याच्या बुडाला भिडला. वर झाकणाच्या मधोमध त्यांनी निखाऱ्यांचा असा ढीग रचला की जणू होळीच पेटवायची आहे. वेणूचे डोळे विस्फारले. तिने तोंड उघडले, पण वचन आठवून ओठ मिटले. काका तिच्याकडे पाठ करून स्वस्थ बसले आणि देवळातल्या पुराणाच्या गोष्टी मोठ्याने सांगू लागले.

थोड्या वेळाने ओसरीवरून आवाज आला. "चुलीपाशी कोण आहे? जाळ मोठा झालाय."

"ठीक आहे हो," काका म्हणाले आणि गोष्ट पुढे चालू ठेवली.

गूळ जळू लागल्याचा वास परसभर पसरला. ओसरीवर भिकोबांनी मान वर केली. पुन्हा म्हणाले, "अहो, करपतंय ते!"

"करपत नाही, होतंय," काका म्हणाले.

तेव्हा भिकोबा उठले. कांबळे खांद्यावरून गळून पडले, तिकडे त्यांनी पाहिले नाही. अनवाणीच परसात आले आणि काकांच्या हातातला चिमटा त्यांनी जवळजवळ हिसकावूनच घेतला.

"नरहरपंत, चाळीस वर्षं देवाला नैवेद्य दाखवलात की कोळसे?"

झाकण निघाले. मधोमध धोंडस काळेठिक्कर झाले होते आणि कडेला पीठ अजून ओले होते. भिकोबांनी ते पाहिले आणि त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. पाच महिन्यांत ते इतके बोलले नव्हते.

"हे तांब्याचं भांडं आहे, माझ्या हातचं! तांबं लगेच तापतं. त्याच्याखाली जाळ घालतात का? नुसते निखारे ठेवायचे, तेही विझत आलेले. आणि वर असा डोंगर रचायचा नसतो मधोमध. कडेकडेनं निखारे मांडायचे, बांगडीसारखे. मधल्या भागाला आपोआप ऊब पोहोचते. तुम्हाला हे कोणी सांगितलं नाही?"

"चुकलंच माझं," नरहरकाका हात जोडून म्हणाले. त्यांचा चेहरा खरोखर पडलेला दिसत होता.

भिकोबांनी नुसते "हं" केले. मग वळून म्हणाले, "सूनबाई, घरात दुसरं तवसं आहे का?"

वेणूला क्षणभर उमजेना की सासऱ्यांनी आपल्याकडे काही मागितले आहे. मग ती धावत आत गेली.

पुढचा तास भिकोबा चुलीसमोरून हलले नाहीत. वेणू कालवत होती, ते सांगत होते. "गूळ आणखी घाल. तिला गोड जास्त लागायचं. मी म्हणायचो, अगं इतका गूळ नको, खाली लागेल. ती म्हणायची, निखारे तुमच्याकडे आहेत ना, मग कसा लागेल?" एवढे बोलून ते थांबले. चिमटा हातात तसाच राहिला. पाच महिने कोरडे राहिलेले डोळे भरून आले आणि पाणी गालांवरून दाढीत उतरले. थोड्या वेळाने त्यांनी पंच्याने तोंड पुसले, वाकून एक निखारा थोडा बाजूला सरकवला आणि म्हणाले, "आता बघत राहा. कडा सुटल्या की उतरवायचं."

धोंडस उतरले. भिकोबांनी स्वतः कापले, पहिला तुकडा वेणूला दिला, दुसरा नरहरकाकांना. मग आपण दोन खाल्ले. "वेलची कमी पडली," ते म्हणाले आणि तिसऱ्यासाठी ताटली पुढे केली.

नरहरकाका निघाले तेव्हा वेणू त्यांना दारापर्यंत सोडायला आली. बाहेर थंडी होती, पण तिचे तिकडे लक्ष नव्हते.

"काका, तुम्ही मुद्दाम करपवलंत."

काका थांबले. म्हणाले, "पोरी, ज्याच्या घरी दुःख येतं, त्याच्याकडे जो जातो तो काहीतरी द्यायला जातो. कोणी अन्न देतं, कोणी धीर देतं, कोणी पाण्याचा तांब्या हातात देतं. ते चांगलंच आहे. पण त्याच्याकडे मागायला कोणीच जात नाही. होता होता त्या माणसाला वाटू लागतं, आपल्यापाशी कोणाला देण्याजोगं आता काही उरलं नाही. अशा माणसाच्या घशाखाली घास कसा उतरावा? तुझ्या धोंडसात काही कमी नव्हतं. ते इतकं पूर्ण होतं की त्यात भिकोबांना कुठे जागाच नव्हती."

वेणूने वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

पण गोष्ट इथे संपत नाही. भिकोबा आता घराबाहेर पडू लागले, पारावर बसू लागले. आणि पारावर सांगायला त्यांच्याकडे एकच ताजी गोष्ट होती. "नरहरपंतांना निखारे कळत नाहीत. माझ्या डोळ्यांदेखत धोंडसाचा कोळसा केला!" आठवडाभरात ती गावभर झाली. लोक हसू लागले. ज्यांच्या हातून चाळीस वर्षांत काही करपले नव्हते, त्यांना देवळाच्या पायरीवर कोणी ना कोणी विचारी, "काय काका, आज काय जाळलंत?"

वेणूला ते सहन होईना. ती काकांकडे गेली आणि म्हणाली, "मी सगळ्यांना खरं सांगणार आहे."

"खबरदार!" काका म्हणाले. इतक्या कठोर आवाजात ते तिच्याशी कधी बोलले नव्हते. मग मवाळ होऊन म्हणाले, "भिकोबांच्या कानावर ते गेलं, तर त्यांनी दिलेलं सगळं खोटं ठरेल. माझं नाव चाळीस वर्षं टिकलं. आता ते एका माणसाच्या कामी येत असेल, तर येऊ दे."

एवढ्यात दारात भिकोबाच उभे राहिले. काखेत एक तांब्याचे पातेले होते आणि हातात चिमटा. "नरहरपंत, गाव हसतंय तुम्हाला," ते जरा ओशाळून म्हणाले. "माझ्यामुळेच हसतंय. म्हटलं, नीट शिकवूनच टाकावं एकदा."

नरहरकाका निमूटपणे चुलीसमोर खाली बसले. भिकोबा पाटावर बसून सांगत राहिले: कोणत्या लाकडाचा निखारा किती वेळ टिकतो, राखेचा पातळ थर केव्हा द्यायचा, झाकणाजवळ कान नेला की आतला आवाज कसा बदलतो आणि त्यावरून काय ओळखायचे. वेणू एका बाजूला बसून पाहत होती. सुरुवातीला तिला वाटले, काका किती सुंदर सोंग वठवत आहेत.

मग तिने त्यांचा चेहरा नीट पाहिला. काका पुढे झुकले होते. ते प्रश्न विचारत होते, उत्तर ऐकून पुन्हा विचारत होते. झाकणाजवळ कान नेऊन त्यांनी डोळे मिटले, ऐकले, आणि एखाद्या नव्या विद्यार्थ्यासारखे हसले.

भिकोबा हात धुवायला आडापाशी गेले, तेव्हा काका तिच्याकडे वळून हळूच म्हणाले, "वेणू, त्या दिवशी मला वाटलं होतं, मी अडाण्याचं सोंग घेतोय. पण हे आवाजाचं खरंच मला ठाऊक नव्हतं गं."

वेणू उठली, तिने आपला पाट उचलला आणि झाकणाखालचा आवाज ऐकायला दोघा म्हाताऱ्यांच्या मध्ये जाऊन बसली.