तुळशीच्या सुगडातलं पुडिंग

चिंचखोरी नावाच्या गावात एक भोळा स्वयंपाकी राहत होता. गावात शहाणे पुष्कळ होते. भोळा हा एकच. म्हणून त्याचं नाव सगळ्यांना पाठ होतं. सखाहरी.

सखाहरी शाळेत दुपारची खिचडी शिजवायचा. शाळा चौथीपर्यंत. पोरं अकरा. शिकवायला एकट्या कुंदाबाई. पोरं सखाहरीला सखामामा म्हणायची आणि त्याच्या हातची खिचडी बोटं चाटून खायची. माणूस सोन्यासारखा होता हो. फक्त सांगाल तेवढंच करायचा. आणि एकदा सांगितलेलं जन्मात विसरायचा नाही. तीच तर पंचाईत होती.

एका सोमवारी बाईंच्या हातात कागद पडला. वरून आलेला. शनिवारी साहेब शाळा बघायला येणार. पट कमी आहे. साहेबांनी चांगला शेरा दिला तर शाळा राहील, नाहीतर घाटापलीकडच्या शाळेत मिसळली जाईल. म्हणजे सहा वर्षांच्या चिंगीनं रोज चार किलोमीटर चढायचं आणि चार उतरायचं. मध्ये ओढा. पावसाळ्यात त्याला कमरेएवढं पाणी. चिंगीच्या नाही, तिच्या बापाच्या कमरेएवढं.

कागदाच्या तळाशी आणखी एक ओळ होती. पोरांनी स्वतःच्या हातानं बिनविस्तवाचा एक पदार्थ करून साहेबांना खाऊ घालावा. शाळा चांगली की वाईट हे त्यावरून कसं कळतं, ते कागदात लिहिलं नव्हतं.

बाईंनी फोनवर शोधाशोध केली आणि थरांचं पुडिंग काढलं. खाली बिस्किटाचा चुरा. त्यावर साखर घातलेला चक्का. त्यावर केळ्याचे काप. आणि सगळ्यात वर चॉकलेटच्या बिस्किटांचा काळा चुरा, अगदी मातीसारखा. त्यात एक हिरवी डहाळी खोचायची. बघणाऱ्याला वाटावं, कुंडीत रोप लावलंय.

पोरं खूश. कुंड्या कुठून आणायच्या? तर संक्रांत नुकतीच झाली होती, घरोघरी सुगडं पडून होती. बारा सुगडं गोळा झाली. अकरा पोरांची, एक साहेबांचं. डहाळी कसली? चिंगी म्हणाली, "नैवेद्यावर ठेवतात ती. तुळशीची." वर्गात मागच्या वर्षीच्या सुगडांत पोरांनी तुळशीची रोपं केलीच होती. त्यातलंच एक साहेबांच्या हस्ते अंगणात लावायचं ठरलं.

बाईंनी सखाहरीला बोलावलं.

"सखाहरीभाऊ, नीट ऐका. आपल्याला बिनचुलीचं करायचंय. चूल अजिबात पेटवायची नाही."

"बरं बाई. ध्यानात ठेवतो."

आणि त्यानं ध्यानात ठेवलं.

मंगळवारी दुपारी पोरं ताट घेऊन बसली. सखाहरीनं पळीभर तांदूळ वाढले. त्यावर पळीभर डाळ. त्यावर मीठ, वर पाणी.

"अहो, हे काय?"

"खिचडी. बिनचुलीची."

बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, ते पुडिंगचं सांगितलं होतं! पोरांच्या पोटात जाणारं कच्चं द्यायचं का? चांगलं रटरट शिजवायचं, वर झाकण ठेवून वाफ काढायची, मग द्यायचं."

"बरं बाई. ध्यानात ठेवतो."

बुधवारी बाईंनी बिस्किटांचे पुडे आणून त्याच्याकडे दिले आणि म्हणाल्या, "एवढी तयार करून ठेवा." तासाभरानं वर्गात गोडसर वास आला. बाई धावत गेल्या. चुलीवर पातेलं. पातेल्यात बिस्किटं. रटरट शिजत होती. वर झाकण. सखाहरी वाफ काढत होता.

"पोरांच्या पोटात जाणार ना," तो म्हणाला.

पोरांनी त्या लापशीत चमचे घातले आणि मिटक्या मारत संपवली. पोरांचं काय हो, त्यांना रोज असं चुकलेलं चालेल. बाईंनी नवे पुडे मागवले.

"सखाहरीभाऊ, बिस्किटं शिजवत नाहीत. फडक्यात बांधायची आणि वरवंट्यानं हाणायची. पार भुगा होईपर्यंत."

"बरं बाई. ध्यानात ठेवतो."

भुगा मात्र त्यानं असा केला की बाई म्हणाल्या, वा! तेवढीच एक वा त्या आठवड्यात त्याच्या वाट्याला आली.

गुरुवारी घरोघरचं दही आलं. बाई म्हणाल्या, "आता हे फडक्यात बांधा." पुढचं सांगायच्या आत फोन आला म्हणून त्या बाहेर गेल्या. सखाहरीनं दही फडक्यात बांधलं. वरवंटा उचलला.

पहिल्याच फटक्यात भिंतीवरचा बाराखडीचा तक्ता दिसेनासा झाला. दुसऱ्या फटक्यात सखाहरी दिसेनासा झाला.

त्यालाही कळलं, काहीतरी बिघडलं. मग त्यानं झाडू घेतला आणि दही भिंतभर सारखं केलं. चुना लावल्यागत. बाई आल्या तेव्हा गावातली दोन कुत्री शाळेची भिंत मन लावून चाटत होती.

बाईंना रडावं की हसावं कळेना. "अहो, दही फडक्यात बांधून उंच टांगायचं असतं! सगळं पाणी गळून जाईपर्यंत हात लावायचा नाही. आणि दुसरं. चूक झाली तर ती अशी सारवायची नाही. ज्याच्या बाबतीत झाली, त्याला सरळ जाऊन सांगायची."

"दोन्ही ध्यानात ठेवतो."

शुक्रवारी पोरांनी पुन्हा दही आणलं. या वेळी ते नीट टांगलं गेलं. बाईंचा जीव जरा भांड्यात पडला. तेवढ्यात तिसरीतला रावशा पाण्याच्या टाकीत डोकावता डोकावता आत पडला. सखाहरीनं त्याला बाहेर काढला. रावशा नखशिखांत ओला. अंगातून पाणी गळतंय.

सखाहरीला लगेच आठवलं. त्यानं रावशाला सतरंजीत बांधला आणि कडुनिंबाच्या फांदीला उंच टांगला. खाली पातेलं ठेवलं. आणि हात बांधून लांब उभा राहिला, कारण हात लावायचा नव्हता.

रावशा आत मजेत होता. झोके घेत होता. "मामा, अजून जोरात!" बाकीची दहा पोरं टाकीपाशी रांग लावून उभी होती, आपल्यालाही पडायला मिळावं म्हणून.

"अहो, जितं माणूस टांगतात का!" बाई ओरडल्या. त्यांचा आवाज घाटापलीकडे गेला असेल. "ओलं झालेलं असलं की उन्हात ठेवायचं. कोरडं असलं की आत सावलीत आणायचं. एवढं साधं कसं कळत नाही तुम्हाला? उद्या साहेब येतायत हो. उद्या एक जरी घोटाळा झाला तर शाळा गेली. ही लेकरं ओढ्यातनं जातील रोज."

सखाहरीचा चेहरा एवढासा झाला. शाळेवर त्याचाही जीव होता. म्हणाला, "बाई, ओलं उन्हात, कोरडं सावलीत. मरेस्तोवर विसरणार नाही."

शनिवारी सकाळी पोरांनी पुडिंग केलं. काय सुंदर केलं म्हणता! चिंगीनं जीभ बाहेर काढून एकेक चमचा चुरा पसरला. रावशानं केळी कापली, निम्मी खाल्ली. चक्का गुळगुळीत पसरला. वर काळा चुरा, त्यात तुळशीची डहाळी. प्रत्येकानं आपापल्या सुगडावर खडूनं नाव लिहिलं, बाराव्यावर 'साहेब'. बारा सुगडं वर्गात सावलीत मांडली. खऱ्या रोपांची बारा सुगडं बाहेर ओट्यावर, उन्हात. बाई साडी बदलायला घरी गेल्या. पोरं हातपाय धुवायला गेली.

सखाहरी एकटा राहिला. त्यानं वर्गातल्या एका सुगडात बोट घातलं. ओलं. दुसऱ्यात घातलं. ओलं. बाहेर ओट्यावरच्यात घातलं. आठवडाभराच्या गडबडीत रोपांना पाणी घालायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं. कोरडं ठणठणीत.

"बरं झालं मी बघितलं," सखाहरी म्हणाला. आणि त्यानं बाराच्या बारा अदलाबदल केली. बाहेर नेलेली डहाळी उन्हात कोमेजेल म्हणून वर फडकंही धरलं. जीव लावून काम करणारा माणूस होता.

साहेब आले. सोबत फोटो काढणारा. मागे सरपंच आबूराव. साहेबांनी शेरा गाडीतच लिहून आणला होता. गावाच्या नावापुरती जागा मोकळी होती, आणि सहीपुरती.

"वेळ कमी आहे. पदार्थ आणा."

"सखाहरीभाऊ," बाई म्हणाल्या, "सावलीतलं एक सुगड आणा साहेबांना. चमच्यासकट."

सखाहरीनं आणलं. साहेबांनी कॅमेऱ्याकडे बघत चमचा खुपसला, कॅमेऱ्याकडे बघत तोंडात घातला आणि कॅमेऱ्याकडे बघत चावला.

कर्र.

बाईंनी सुगडाकडे बघितलं. त्यावर खडूचं नाव नव्हतं. बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. खरं म्हणजे ती साहेबांच्या तोंडात गेली होती.

"वा," साहेब म्हणाले. "बिस्किट कुरकुरीत आहे. गोडी बेताची, आजकाल तेच बरं. सरपंच, घ्या तुम्ही."

आबूरावांनी घेतला. शेतकरी माणूस, जिभेला लागताच ओळखलं. शेणखतासकट ओळखलं. पण साहेबांना आवडलं होतं. "फस्क्लास," आबूराव म्हणाले आणि त्यांनी ते गिळलं. फोटोवाल्यानंही एक चमचा मागून घेतला.

फोटो फोनवरून वर गेला. साहेबांनी शेऱ्यात गावाचं नाव भरलं. 'चव उत्कृष्ट. थर सुबक. शाळा चालू ठेवावी.' सही राहिली. म्हणाले, "आधी रोप लावून घेऊ."

उन्हातलं एक रोप आलं. साहेबांनी ते सुगडासकट खड्ड्यात ठेवलं, माती लोटली, वर तांब्याभर पाणी ओतलं. मातीवर राहिलेल्या सुगडाच्या काठावर लिहिलं होतं 'चिंगी'. चिंगीनं ते वाचलं आणि भोकाड पसरलं.

"बघा," साहेब फोटोवाल्याला म्हणाले, "झाडांवर किती माया आहे मुलीची. घ्या, घ्या तो फोटो."

आता फक्त सही. बाईंनी डोळे मिटले. देवाचं नाव घेतलं. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

आणि सखाहरी पुढे झाला. त्याचं लक्ष चिंगीच्या सुगडावरल्या नावाकडे गेलं होतं. उशिरा का होईना, त्याच्या डोक्यात उजेड पडला. चूक झाली होती. आणि चूक झाली की काय करायचं, ते गुरुवारीच ठरलं होतं.

"साहेब, चूक झाली माझी. तुम्ही खाल्ली ती माती. आणि पुरलं ते पुडिंग."

आबूराव लांब जाऊन चूळ भरू लागले. बाईंना वाटलं, गेली शाळा. गेलीच.

साहेबांनी दातांवरून जीभ फिरवली. मग फोन बघितला. फोटो वरच्या साहेबांनी बघितला होता. त्यांच्या वरच्यांनीही. खाली अकरा जणांनी टाळ्यांची चित्रं पाठवली होती.

साहेबांनी घसा खाकरला.

"कसली चूक? काहीही चूक झालेली नाही. मी खाल्लं ते पुडिंग. मी लावलं ते रोप. जे झालं ते अगदी बरोबर झालं. हेच बरोबर. समजलं?"

"ध्यानात ठेवतो साहेब," सखाहरी म्हणाला.

साहेबांनी सही ठोकली. धुरळा उडवत गाडी गेली. शाळा राहिली. कुंदाबाई ओट्यावर बसल्या आणि पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडल्या. पोरांनी उरलेली अकरा पुडिंगं सुगडं चाटूनपुसून खाल्ली. साहेबांचं चिंगीला मिळालं.

इथंच संपायचं. पण सरकारी शाबासकी अशी सुखासुखी संपत नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा कागद आला. चिंचखोरीचा पदार्थ तालुक्यातल्या सगळ्या शाळांनी करावा. त्यासाठी चाळीस मुख्याध्यापकांना तालुक्याला बोलावलंय. स्वयंपाक्यानं येऊन करून दाखवावा. मोठे साहेबही येणार.

बाईंना ताप होता. त्यांनी पिशवी भरून दिली. बिस्किटं, चक्का, केळी, साखर. दहा वेळा बजावलं. सखाहरी पहाटेच्या एसटीनं गेला आणि दिवेलागणीला परत आला. चेहरा उजळलेला. गळ्यात हार. हातात पिशवी, नेली तेवढीच जड.

बाईंनी पिशवी उघडली. बिस्किटांचा पुडासुद्धा फोडलेला नव्हता. त्यांचा ताप झर्रकन उतरला.

"सखाहरीभाऊ, तुम्ही केलंत काय तिथं?"

"काही चुकलं नाही बाई, या खेपेला," सखाहरी म्हणाला. "साहेब म्हणाले होते ना, झालं तेच बरोबर. तेच केलं. चाळीस सुगडं भरली. आधी सरळ सांगितलं, ही माती आहे. सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. आपल्या साहेबांनी मान डोलावली. मग मोठ्या साहेबांनी खाल्लं. मग सगळ्यांनी खाल्लं. सगळ्यांनी लिहून दिलं, चव उत्कृष्ट. एका मास्तरांनी तेवढं विचारलं, आमच्याकडे काळी मिळत नाही, तांबडी चालेल का?"

"मग?"

"साहेब म्हणाले, स्थानिक पातळीवर उपलब्ध असेल ती घ्यावी."