नेमाची उंची

नाशिकच्या एका क्लबात शिरीनबाईंनी मुलांसाठी स्नूकरचा वर्ग काढला. पहिल्याच रविवारी अध्यक्ष गुप्तेसाहेब येऊन गरजले, "टेबलापेक्षा जेमतेम उंच पोरं काय खेळणार? बंद करा हा वर्ग!"

मुलं हिरमुसली. सात वर्षांची कालिंदी मात्र कुतूहलाने म्हणाली, "काका, नेम कसा धरतात? दाखवा ना!"

साहेब खुलले. काठी घेऊन ते वाकत वाकत गेले आणि त्यांनी हनुवटी थेट काठीला टेकवली. कालिंदी शेजारी ताठ उभी राहिली. दोघांचे डोळे एका रेषेत आले.

"काका, नेम धरायला तुम्हाला केवढं खाली यावं लागलं! मी तर आधीच इथे आहे."

साहेबांना हसू आवरेना. काठी तिच्या हाती देत ते शिरीनबाईंना म्हणाले, "वर्ग चालू द्या, बाई."